सणाचा दुसरा दिवस

मॅट्रिकच्या परीक्षेत मी एका पेपरला गैरहजर राहिले. आजारी नव्हते, घरात कोणी गेलं नव्हतं, अभ्यास झाला नव्हता असंही नाही. अमरावतीच्या आमच्या शाळेत गणितात माझ्यापुढे कोणी नव्हतं, आणि पेपर गणिताचाच होता. तो चालू होता त्या वेळी मी अकोल्याला, रेल्वेच्या क्वार्टरात, पाटावर बसून बिनखमिराची भाकर दाताखाली मोडत होते. कारण काय, तर कोण्या जुन्या काळात आमच्या लोकांना चंद्र उगवल्याची बातमी वेळेवर कळत नसे.

हे सांगितलं की लोक हसतात. मला हसू येत नाही. केस पांढरे झाले तरी सांगता सांगता माझा आवाज चढतो, आणि समोरचं माणूस उगाच पाणी आणायला उठतं.

आम्ही इस्राएल, म्हणजे यहुदी. मूळचे कोकणातले. तिकडे आमच्या लोकांचे तेलाचे घाणे होते आणि शनिवारी ते बंद असत, म्हणून गावं आम्हाला शनवार तेली म्हणत. वडील रेल्वेत तारमास्तर झाले आणि बदल्या होत होत अकोल्याला आले. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. अकोल्यात आमचं एकच घर. अमरावतीला बांधकाम खात्यात एक ओव्हरसियर, बडनेऱ्याला एक कंपाउंडर, संपले आमचे लोक. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. ते कधी जमले नाहीत. शेजाऱ्यांना आम्ही कोण हे नीट कळत नसे. आई नऊवारी नेसायची, हातात हिरव्या बांगड्या, बोलणं मराठी, आणि शनिवारी घरात चूल पेटत नसे. दाराच्या चौकटीला ठोकलेली लहानशी नळी पाहून कोणी विचारलं तर आई सांगायची, "देवाची अक्षरं आहेत." तेवढ्यावर लोकांचं समाधान व्हायचं.

घरात कोकणी वळणाचं बोलणं, बाहेर माझं सगळं वऱ्हाडी. बाबा रागवायचे, "ते मले-तुले उंबऱ्याबाहेर ठेव." मी ठेवत असे. फक्त संताप आला की ते आपोआप आत यायचं.

लहानपणी मी बाबांना विचारलं होतं, वल्हांडणाचा सण आठवडाभर चालतो, पण देवाच्या पुस्तकात सुरुवातीचा एकच दिवस कडक पाळायला सांगितलाय, मग आपण दोन दिवस का पाळतो? बाबा समजावून सांगण्यात हुशार होते. म्हणाले, "आपला महिना चंद्रावर. पूर्वी यरुशलेममध्ये नवा चंद्र दिसला की डोंगरावर जाळ करायचे. तो पाहून पुढच्या डोंगरावर जाळ. पुढे पुढे माणसं धाडायला लागले. लांबच्या गावांना बातमी सणाच्या आत पोचायची नाही. मग आज सण की उद्या, कोण जाणे! म्हणून लांबच्यांनी दोन्ही दिवस धरले."

"आणि आता?"

"आता मुंबईहून छापील पंचांग येतं. वर्षभर आधी कळतं."

"मग दोन दिवस कावून?"

"चाल आहे. बापजाद्यांची चाल हातात आली की ती टाकायची नसते."

हे मला सांगणारा माणूस तारेच्या यंत्रावर बसत होता. मुंबईला कापसाचा भाव हलला की डोळा लवायच्या आत त्याच्या बोटांखाली ती बातमी वाजायची. पण त्या वयात मला हे काही खटकलं नाही. दोन दिवस सण म्हणजे दोन दिवस खजुराचा शिरा.

मुलीला मॅट्रिकपर्यंत शिकायचं तर अमरावतीला जावं लागे. बाबांनीच मला पाठवलं, हे मी नाकारत नाही. नातेवाइकांची बोलणी त्यांनी खाल्ली. माझी राहण्याची सोय अंबागेटाबाहेर एका माळ्याच्या घरी केली. मागे मळा, मेथी, वांगी, शेवंती. माळी बाजारात फुलं-भाजी विकायचा. घर माळकरी, मांसाचा वाससुद्धा नाही. आमच्यात दूध आणि मांस एका पानात चालत नाही. बाबा खूश झाले, "मांस नाही म्हणजे दुधा-मांसाची भेसळ नाही. तुझं पान आपोआप शुद्ध." घरधनीण, तिला मी काकू म्हणायचे, मोठी बोलकी आणि तोंडाने फटकळ. पहाटे फुलं तोडायला मी तिच्याबरोबर जायची आणि वाफ्यातून चालता चालता बीजगणिताची सूत्रं म्हणायची. ती म्हणे, "तू मंत्र म्हणून राहिली का वं?"

परीक्षेचं वेळापत्रक शाळेच्या फळ्यावर लागलं. सोमवारी पहिला पेपर, गणित. सण त्या वर्षी रविवारी होता. म्हणजे सोमवार दुसरा दिवस. त्या दिवशी आमच्यात प्रवास करायचा नाही, लिहायचं नाही. पुढच्या पेपरांना काही अडचण नव्हती. सणाच्या मधल्या दिवसांत एवढी बंधनं नसतात. अडत होता तो एकच दिवस.

शाळेच्या मोठ्या बाईंनी बाबांना बोलावून घेतलं. मी दाराशी उभी होते.

"तुमचा मुख्य सण रविवारी ना, तारबाबू? सोमवारी मुलीला बसू द्या."

"आमचे दोन्ही दिवस मुख्य आहेत, बाई."

"एक पेपर चुकला की परीक्षा गेली. पुन्हा सगळे विषय."

"पुढच्या वर्षी बसेल."

"मुलींना पुढची वर्षं फार नसतात," मोठ्या बाई म्हणाल्या.

बाबांनी हात जोडले आणि उठले. स्टेशनवर मी त्यांना पोचवायला गेले. बाकड्यावर बसल्यावर मी विचारलं, "बाबा, सोमवारी तुमची ड्यूटी आहे?"

"आहे. रविवारची रजा मिळाली. सोमवारची नाही मिळाली."

"मग तुम्ही जाणार?"

"जावं लागेल. नोकरी आहे."

"आणि तिथे लिहिणार?"

ते रुळांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "नोकरी ही मजबुरी आहे, पोरी. परीक्षा म्हणजे हौस."

हौस! कंदिलाची काच पुसून पुसून बोटं काळी केली ती हौस. आई-बाप सोडून परक्याच्या घरी राहिले ती हौस. त्या शब्दाचा मला इतका राग आला की गाडी सुटली तरी मी हात हलवला नाही.

घरी येऊन काकूला सांगितलं. ती वांगी निवडत होती. म्हणाली, "जाऊच नको ना मंग. राह्य इथंच. सोमवारी पेपर दे आन् परीक्षा झाली का जाय घरी. बाप काय फाशी देऊन राहिला तुले?"

मी गेले नसते तर? हा प्रश्न मला अजून लोक विचारतात, जसं काही चूक माझीच होती. सोळा वर्षांची मुलगी सणाला घरी जाते. शिवाय मला वाटलं होतं, आई बोलेल. घरात गेल्यावर बाबा विरघळतील.

शुक्रवारी दिवस मावळायच्या आत मी अकोल्याला पोचले. घराला चुना दिला होता, तांब्याच्या भांड्यांना कल्हई झाली होती, सणात चालत नाही म्हणून आंबवलेलं, फुगलेलं सगळं घराबाहेर गेलं होतं. बाबांची थोरली बहीण, माझी आत्या, अलिबागेकडच्या खेड्यातून सणाला आली होती. आमचा दिवस आदल्या संध्याकाळीच सुरू होतो, म्हणून शनिवारी संध्याकाळी आम्ही पाटांवर बसलो. मिसरात आमचे लोक गुलाम होते आणि देवाने त्यांना सोडवलं, ती गोष्ट बाबा वाचू लागले. आधी इब्रीत, मग मराठीत. गुलामीचा भाग आला तेव्हा मी त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. त्यांनी पान उलटलं.

रविवारी दुपारी आत्याने विचारलं, "ही कार्टी बोलत का नाही?" आईने दोन वाक्यांत सांगितलं. आत्या जेवता जेवता थांबली.

"दुसरा दिवस?" ती बाबांना म्हणाली. "आईच्या वेळी कुठला रे दुसरा दिवस? अनशी धाकाचा सण, म्हणजे अनशी झाकायचा सण, असं म्हणायची ती. आंबणाचं मडकं झाकलं, पहिला दिवस पाळला, दुसऱ्या दिवशी आई वाडीत कामाला. मी तिच्या मागे असायची."

"ताई, तेव्हा आपल्या लोकांना माहीत नव्हतं," बाबा म्हणाले. "पुस्तकं नव्हती. पुढे बाहेरून धर्म शिकवणारे आले, त्यांनी सगळं नीट केलं."

"नीट केलं म्हणजे? आई चुकीची होती?"

"तसं कोण म्हणतंय?"

"मग कसं म्हणतोयस?"

बाबा उठून हात धुवायला गेले. माझ्या तर अंगाची आग झाली. जी चाल माझ्या आजीला ठाऊक नव्हती, जी बाबांनी स्वतः मोठेपणी कुणा शिकवणाऱ्याकडून घेतली, ती बापजाद्यांची चाल म्हणून माझ्या डोक्यावर ठेवली होती. कारण तर कधीच मेलं होतं. आता चाल जुनी आहे हेही खरं नव्हतं. तरी ती मला बांधत होती.

मी आईला स्वयंपाकघरात गाठलं. "तू बोल ना त्यांना."

आई तवा पुसत होती. "मला अक्षर येत नाही, बाळ," ती म्हणाली. "परीक्षा म्हणजे काय ते मी त्यांना कोणत्या तोंडानं सांगू?"

सोमवारी सकाळी बाबा उठले, प्रार्थनेची शाल अंगावर घेऊन नेहमीसारखेच डुलत डुलत प्रार्थना केली, शाल घडी करून ठेवली, रेल्वेचा कोट घातला, टोपी घातली आणि कामावर गेले. आईने डब्यात बिनखमिराची भाकर दिली, म्हणजे सण पाळला असं झालं.

बडनेऱ्याकडे, म्हणजे अमरावतीच्या वाटेने जाणारी सकाळची पॅसेंजर यायच्या वेळी मी चप्पल घातली आणि स्टेशनवर गेले. आमच्या क्वार्टरांपासून पायवाटेने हाकेच्या अंतरावर. तारेच्या खोलीचं दार उघडं होतं. बाबा यंत्राकडे कान देऊन बसले होते आणि उजव्या हाताने पेन्सिलीने भराभर लिहीत होते.

"लिहिताय तुम्ही," मी म्हटलं.

त्यांनी वर पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला, पण हात थांबला नाही. तार अर्धवट सोडता येत नाही.

"गाडी उभी आहे, बाबा. दुपारचा पेपर आहे. गार्ड ओळखीचा आहे. मला बसू द्या."

"घरी जा."

"कावून?" मी इतक्या जोरात ओरडले की फलाटावरचे हमाल वळून पाहायला लागले. "तुमच्या हातात पेन्सिल चालते, माह्या हातात कावून नाही चालत? तुमचा देव अन् माहा देव येगळा हाय का?"

"मला बाहेर सण मोडावा लागतो," ते खालच्या आवाजात म्हणाले, "म्हणून घरातही मोडू द्यायचा?"

मी काही बोलणार तोच यंत्र पुन्हा वाजायला लागलं. ते त्याच्याकडे वळले. माझ्याकडे त्यांची पाठ झाली. गाडीची शिटी झाली, डबे हलले, आणि दार उघडं असलेले डबे एकेक करून माझ्यासमोरून गेले. तिथे उभं राहून मी रडले नाही. घरी आले, आईने वाढलं, आणि मी ती कोरडी भाकर चावली.

बाबा संध्याकाळी आले आणि जणू काही झालं नाही अशा आवाजात म्हणाले, "उद्यापासून बंधन नाही. बाकीचे पेपर देऊन ये."

मी गेले. निव्वळ सूड म्हणून गेले. नापास होणार हे ठाऊक असून एकेक पेपर असा लिहिला की तपासणाऱ्याला चुकीची खूण करायला जागा सापडू नये. निकालात माझा नंबर नव्हता. ज्या मुली माझ्याकडून गणितं सोडवून घ्यायच्या त्या पास झाल्या, आणि मला म्हणाल्या, "गणितात गेली ना गं तू? अरेरे." किती जणींना सांगत बसणार?

काकू म्हणाली, "देव कोणाचाबी असो, त्याले पोरीच सापडते." तिची थोरली हुशार होती. न्हाण आलं म्हणून चौथीतून काढून घरी बसवली होती. त्यांच्यात तशी चाल. काकूनेच काढली होती. हे सांगताना तिने मळ्यातलं तण इतक्या जोराने उपटलं की त्याबरोबर मेथीची जुडीभर रोपं आली.

दुसऱ्या वर्षी मी पास झाले. सण तेव्हा आधीच होऊन गेला होता. आईने माझ्यासाठी नवस बोलला होता; तिने पोहे, गूळ, खोबरं आणि फळं मांडून एलिया संदेष्ट्याच्या नावाने मलिदा केला, शेजाऱ्यांत वाटला. बाबांनी त्यावर आशीर्वाद म्हटले. मी प्रसाद खाल्ला. बाबांशी कामापुरतं बोलत होते. मग अकोल्यातच मुलींच्या प्राथमिक शाळेत मला नोकरी लागली.

इथे गोष्ट संपली असती तर एव्हाना माझा राग थोडा तरी निवला असता. बापाने हट्ट केला, मुलीचं वर्ष गेलं, असं किती घरांत होतं. पण माझ्या मागे भाऊ होता, तीन वर्षांनी लहान. अभ्यासात बेताचा, स्वभावाने गरीब. त्याच्या मॅट्रिकच्या वर्षी सण गुरुवारी आला आणि त्याचा इंग्रजीचा पेपर शुक्रवारी, दुसऱ्या दिवशी.

वेळापत्रक घरात सगळ्यांनी पाहिलं. कोणी चकार शब्द काढला नाही. मी वाट पाहत होते. मला वाटलं, आज बोलतील, उद्या बोलतील. 'पुढच्या वर्षी बसेल' हे वाक्य त्यांना पाठ आहे. गुरुवारी रात्री पुन्हा ते पाट, ते कडू पाल्याचं पान, ती गुलामीची गोष्ट. दुसऱ्या रात्रीचं वाचन तेवढंच लांब असतं. बाबांनी अर्ध्यावर पुस्तक मिटलं आणि भावाला म्हणाले, "तू झोप जा. सकाळी पेपर आहे."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. आईकडे पाहिलं. ती ताटं उचलत होती.

सकाळी भाऊ खिशाला पेन लावून निघाला. बाबांना आता वरची जागा मिळाली होती, दोन्ही दिवसांची रजा होती. ते आत शाल पांघरून प्रार्थना करत होते. मी माझ्या शाळेतल्या मुलींच्या वह्यांचा गठ्ठा घेतला, लाल शाईची दौत घेतली, आणि रस्त्याकडच्या ओसरीवर चटई टाकून तपासायला बसले.

आई धावत बाहेर आली. "अगं, सणाचं! लोक बघतील."

"कोणते लोक, आई? ह्या गावात आपला सण कोणाला कळतो?"

मग बाबा आले. खांद्यावर शाल तशीच. "निदान आत बस," ते म्हणाले.

"कावून?"

"त्याची गोष्ट वेगळी आहे. त्याला गाडीनं जायचं नव्हतं, केंद्र गावातच आहे."

"तिथं तो पायानं पेपर लिहिणार हाय का?"

त्यांनी खांद्यावरची शाल सावरली. मग म्हणाले, "तो मुलगा आहे. उद्या घर त्याच्यावर उभं राहायचं."

"अस्सं. म्हणजे तुम्ही नोकरीसाठी मोडायचं, त्यानं परीक्षेसाठी मोडायचं, अन् तुम्हा दोघांचं मिळून मी पाळायचं."

मला वाटलं होतं, ते ओरडतील. दौत लाथाडतील. तसं झालं असतं तर मला बरं वाटलं असतं. ते पायरीवर बसले. शालीच्या गोंड्यांशी चाळा करत, रस्त्याकडे पाहत बोलले.

"स्टेशनवर मी कधी इस्राएल नव्हतो. तिथे मी तारबाबू. शनिवारीसुद्धा काम केलं, आयुष्यभर. घरी यायचो तेव्हा तुझ्या आईनं दिवा लावलेला असायचा, तू न्हाऊन बसलेली असायचीस. तेवढ्यावर मी कोणीतरी होतो. चंद्राचं कारण उरलं नाही हे मला कळत नाही का? पण इथे ना आपलं देऊळ, ना दहा माणसं. एक दिवस सोडला की दुसरा कधी सुटला ते कळायचंसुद्धा नाही. घर बायकांच्या हातात असतं. तू गाडीत चढली असतीस तर माझ्याकडे काय राहिलं असतं?"

"मग हे मला तेव्हा सांगायचं होतं. डोंगरावरचे जाळ सांगितलेत. बापजादे सांगितलेत. परीक्षा हौस आहे म्हणालात. मला भीती वाटते, एवढं सांगितलं नाहीत."

"सांगितलं असतं तर राहिली असतीस?"

"नसते राहिले. आणखी भांडले असते. पण खऱ्या गोष्टीशी भांडले असते."

त्यांनी मान हलवली. "हो," एवढंच म्हणाले. चुकलो म्हणाले नाहीत. मी लाल शाईत टाक बुडवला आणि पुढची वही उघडली. गठ्ठा संपेपर्यंत ते तिथेच पायरीवर बसून होते. जाणारे-येणारे रामराम करत होते, तेही करत होते.

त्यांचं बोलणं मला पटलं का? कळलं. कळणं आणि पटणं यांत अंतर आहे. चालीचं मूळ कारण आटलं तरी तिच्यात दुसरं कारण येऊन राहतं, हे मला त्या दिवशी कळलं. एकट्या पडलेल्या माणसाला कशाला तरी धरून राहावं लागतं. पण त्याने धरावं ना स्वतः! स्वतःच्या हाताने धरवत नाही म्हणून मुलीच्या हाताला बांधायचं, आणि वरून मुलाचा हात मोकळा सोडायचा, हे कोणत्या शास्त्रात लिहिलंय?

भाऊ त्या इंग्रजीच्या पेपरात नापास झाला. आत्या म्हणाली, देवाने न्याय केला. मला त्यात कसलाही न्याय दिसला नाही. एक पोरगं इंग्रजीत कच्चं होतं, इतकंच. पुढच्या वर्षी तो पास झाला, रेल्वेत लागला आणि मुंबईला गेला.

मी पुढे ट्रेनिंग करून अमरावतीच्या हायस्कुलात गणित शिकवायला लागले आणि तिथेच राहिले. आई गेल्यावर पेन्शनीत निघालेले बाबा माझ्याकडे आले. सणाचा पहिला दिवस मी सगळा पाळायची. घराला चुना, भांड्यांना कल्हई, कडू पाला, गुलामीची गोष्ट. मला तो दिवस आवडतो, अजूनही. दुसऱ्या दिवशी मी शाळेत जायची. पहिल्या वर्षी बाबांनी सकाळी विचारलं, "जाणार?" मी म्हटलं, "जाणार." त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. त्यांचं पान मी झाकून ठेवून जात असे. ते एकटे प्रार्थना करत, एकटे जेवत. हा त्यांचा स्वतःचा दुसरा दिवस होता, त्याचा मी मान ठेवला. आमचं बोलणं-चालणं चांगलं होतं. शेवटच्या आजारात मीच त्यांचं सगळं केलं.

ते गेले तेव्हा भाऊ मुंबईहून आला. आमच्यात सात दिवस घरात जमिनीवर बसायचं असतं. ओव्हरसियर, कंपाउंडर आणि शाळेतली माणसं भेटायला येत होती. मुंबईत राहून भाऊ समाजात पुढे पुढे झाला होता, दोन शब्द बोलायला शिकला होता. तो सगळ्यांना सांगत होता, "बाबा म्हणजे करारी माणूस. जन्मभर वऱ्हाडात राहिले, पण सणाचा दुसरा दिवस कधी सोडला नाही. घरात कोणाला सोडू दिला नाही."

मी म्हटलं, "तुझा इंग्रजीचा पेपर कोणत्या दिवशी होता?"

"कोणता पेपर?"

"मॅट्रिकचा. पहिल्या वर्षीचा."

"आता काय आठवतंय, ताई."

तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या तोंडाकडे पाहून कळत होतं. त्याला खरोखर आठवत नव्हतं. मोकळ्या हाताला दोरीची आठवण कशाला राहील?

"अन् माहा गणिताचा पेपर?"

तो गोंधळला. "तू... तू गणितात नापास झाली होतीस ना? तेव्हा?"

ओव्हरसियर म्हणाले, "बाई, दुःखाच्या वेळी कशाला जुनं?" मी त्यांना म्हटलं, "तुमी बसा गुपचूप." आणि मग सगळ्यांच्या देखत, जमिनीवर बसून, मी पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. पेन्सिल, गाडी, अर्ध्यावर मिटलेलं पुस्तक, ओसरी. भाऊ मान खाली घालून ऐकत होता.

"मी तेरा वर्षांचा होतो," तो शेवटी म्हणाला. "तू जेवत नव्हतीस एवढं आठवतंय. नंतर सगळे नापास म्हणायचे, म्हणून मलाही तेच वाटलं. मुंबईत आपल्या सगळ्या नातेवाइकांना तेच वाटतं."

"बाबांनी सांगितलं तसं?"

"बाबांनी सांगितलं नाही," तो म्हणाला. "पण कोणी म्हटलं की पोरगी गणितात गेली, तर बाबा नाहीसुद्धा म्हणायचे नाहीत."

बाबा, माझ्या घरात राहिलेला, माझ्या हातचं जेवलेला माणूस. इतक्या वर्षांत एकदाही त्याने हे मला सांगितलं नव्हतं. मेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. मी अजून भांडते.